काळ्या फितीचा कोपरा

रुग्णालयात तिला तोंडावर 'सिस्टर' म्हणत आणि पाठ फिरली की 'झडतीबाई'. हे नाव तिला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. ते पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं याचाही तिनं छडा लावला होता. त्या कंपाउंडरला औषधांच्या कपाटापुढे उभं करून तिनं प्रत्येक बाटलीवरची तारीख मोठ्यानं वाचायला लावली होती. नाव त्यानं गेलं नाही. उलट पक्कं झालं.

संशय तिच्या रक्तातच होता. वडील सरकारी नोकर, दुकानादुकानांतून वजनमापं तपासत हिंडायचे. घरी जेवायला बसले की विषय एकच, आज कुणी पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवला होता आणि तो कसा पकडला. लेकीनं हे सगळं जेवणाबरोबरच पोटात घातलं. लग्न ठरत होतं तेव्हा तिनं मुलाला टोपी काढायला लावली होती. टकलाचा संशय होता. तेव्हा टक्कल निघालं नाही. आता मात्र नवऱ्याच्या डोक्यावर औषधालाही केस उरलेला नाही, आणि तो म्हणतो, "तुझ्या संशयाचा मान राखायला गेले बिचारे."

घरातली माणसं आता सरावली आहेत. दूध आलं की ती आधी वास घेणार, मग बोटावर थेंब घेणार, मग दूधवाल्याच्या तोंडाकडे बघणार. सुनेनं सकाळी चांगल्या मनानं विचारलं, "आई, झोप लागली का नीट?" की ही कपाळाला आठ्या घालून म्हणणार, "का? काय झालं?"

अशा बाईशी संसार करणं कठीण असेल, पण रुग्णालयाच्या दारात तिच्याइतकं कामाचं माणूस दुसरं नव्हतं. एखादा मोठा अपघात होतो, एकदम पुष्कळ माणसं आणली जातात, तेव्हा आधी कुणाला आत घ्यायचं हे ठरवायला दारातच कुणीतरी उभं राहावं लागतं. मुलांच्या बाबतीत ते काम तिचं. हातात फितींची चार रिळं. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता आत न्या. पिवळी म्हणजे थोडा वेळ थांबेल. हिरवी म्हणजे चालतंय, बोलतंय, बसू दे बाकावर. आणि काळी म्हणजे ज्याच्यासाठी आता काही करता येत नाही. मोठ्या माणसाच्या श्वासाची वाट मोकळी करूनही श्वास चालू झाला नाही तर लगेच काळी. मुलाला मात्र आधी पाच श्वास द्यायचे. मुलं कधी कधी तेवढ्यावर परत येतात. पाचांनंतरही काही नाही, तर फीत बांधायची आणि पुढच्याकडे वळायचं. मागे बघायचं नाही. मागे बघणाऱ्याच्या हातून पुढचं मूल जातं.

नव्या मुलींना ती शिकवायची, "जे पोर बोंबलतंय त्याला बोंबलू दे. त्याची छाती शाबूत आहे. जे गप्प आहे त्याच्यावर संशय घ्या." एकदा जत्रेतला पाळणा मोडला, तेव्हा एक मुलगा हातात लिमलेटची गोळी धरून हसत हसत दारात आला. म्हणाला, "मला काही नाही झालं." सगळ्यांनी त्याला बाकाकडे पाठवला. हिनं सदरा वर केला. पोट निळं पडलं होतं. तो मुलगा वाचला, आणि त्या दिवसापासून दाराची जागा हिची झाली ती झालीच.

ती जागा आता जाते की राहते, असा प्रश्न आला होता.

दरवर्षी एक मॉक ड्रिल व्हायची. खोटा अपघात, खोट्या जखमा, खरी धावपळ. एका शाळेतली मुलं जखमी व्हायला येत. प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड, त्यावर त्याला काय झालंय ते लिहिलेलं. बघायला वरच्या कार्यालयातून एक निरीक्षक येई. उंच, किडकिडीत, रबरी तळव्यांचे बूट घालणारा. आवाज न करता तो कधी पाठीशी येऊन उभा राहील याचा नेम नसे. गेल्या वर्षी त्यानं डाव टाकला होता. हिरव्या फितीच्या बाकावर गप्पा मारत बसलेल्या एका मुलाला त्यानं मधेच दुसरं कार्ड दिलं, 'आता श्वास घ्यायला त्रास होतोय' असं, आणि हिनं पुन्हा जाऊन पाहिलंच नाही. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "सिस्टर, हे मूल गेलं." यंदा पुन्हा चूक झाली तर दारात दुसरी कुणीतरी तरुण नर्स उभी राहील, असं मेट्रननं तिला गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. तो गोड आवाजही तिला संशयास्पद वाटला, आणि यात तिचं काही चुकलं नव्हतं.

म्हणून यंदा ती डोळ्यांत तेल घालून आली. जखमांवर लक्ष नव्हतं तिचं, जखमा खोट्या होत्या. लक्ष होतं निरीक्षकावर. कुठं डाव टाकला असेल? कुणाला काय पढवलं असेल?

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला गाड्या लावायची लांबलचक शेड होती, ती रिकामी केली होती. मुलं सकाळीच येऊन बसली होती. नाटक कंपनीत काम करणारी एक बाई त्यांना रंगवत होती. मेणाचे फोड, लाल रंगाचं रक्त, तोंडाला राखाडी पूड. धक्का बसलेल्या मुलांच्या कपाळावर ती ग्लिसरीनचे बारीक थेंब फवारायची, घाम म्हणून. काम इतकं हुबेहूब की एका मुलाची शिक्षिका त्याच्याकडे बघून खरोखर रडायला लागली. रंगवालीनं मुलांना बजावलं होतं, खाऊचे डबे ड्रिल संपल्यावर उघडायचे, ओठांचा रंग जातो. निरीक्षकाची गाडी यायला उशीर झाला. डबे बंद ते बंदच राहिले.

शेवटी शिट्टी वाजली.

आणि काय आरडाओरडा सुरू झाला म्हणता! घरी मोठ्यानं बोललं तरी दटावणी खाणाऱ्या मुलांना आज मोठी माणसं ओरडायला सांगत होती. त्यांनी शेड डोक्यावर घेतली. झडतीबाई एकेकापाशी वाकत, छाती बघत, मनगट धरत, फीत बांधत पुढे सरकत होती. हात चालत होते आणि नजर पाठीमागे.

"मघाशी तुझा उजवा हात मोडला होता," ती एका मुलाला म्हणाली.

"दोन्ही मोडलेत," तो म्हणाला.

"कार्डावर एकच आहे. चल, पिवळी. आणि ओठ चाटू नकोस."

त्याच्यापुढे एक मुलगी आडवी पडली होती. पायांत हिरवे मोजे. कार्डावर लिहिलं होतं, 'श्वास नाही. पाच श्वासांनंतरही नाही.' झडतीबाईनं तिची हनुवटी वर केली, मास्क तोंडाजवळ धरून पाच वेळा हवा दिल्याचं सोंग केलं. पाचव्याला मुलीनं डोळे उघडले.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "मला कसंतरी होतंय."

नेमक्या त्याच वेळी झडतीबाईला पाठीमागे कुणीतरी असल्याचं जाणवलं. रबरी तळवे. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. अस्सं! यंदाचा डाव हा. मेलेली मुलगी बोलणार, आपण गोंधळणार, इथं वेळ घालवणार आणि तिकडं लाल फितीची पोरं खोळंबणार. मग हा म्हणणार, सिस्टर, तेवढ्यात दोन मुलं गेली.

"कसंतरी नाही न् काही नाही," ती म्हणाली. "मेलेली माणसं बोलत नाहीत. आता हलायचं नाही, बोलायचं नाही. कळलं?"

"बरं," मुलगी म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले.

झडतीबाईनं काळी फीत बांधली. दोन वॉर्डबॉयनी मुलीला उचलून शेडच्या टोकाच्या कोपऱ्यात नेलं, तिथं सतरंजीवर ठेवलं आणि वर चादर घातली. झडतीबाईनं वळून पाहिलं. निरीक्षक वहीत काही खरडत होता. ओठांच्या कोपऱ्यात हसत होता की काय! हस बाबा, ती मनात म्हणाली, यंदा नाही सापडायची.

ड्रिल पुढे सरकली. लाल फितीची मुलं आतल्या बाजूच्या खोट्या टेबलांवर गेली, पिवळी रांगेत लागली. हिरव्यांच्या बाकावर ती मुद्दाम तीनदा जाऊन आली. प्रत्येकाला बोलायला लावलं, चालायला लावलं, एकाला तर उड्या मारायला लावल्या. तिथं काही निघालं नाही. काही निघत नाही याचाच तिला जास्त संशय आला. हा माणूस एकच डाव दोनदा टाकणार नाही. मग कुठं? जिथं कुणी परत जात नाही तिथं. काळ्या कोपऱ्यात. तिथल्या एखाद्या मुलाला त्यानं सांगितलं असणार, मधेच श्वास घ्यायला लाग म्हणून.

ती तरातरा कोपऱ्याकडे गेली. चोर पकडायला निघालेल्या माणसाचा आनंद तिच्या चालीत होता.

एका चादरीखाली खुसुखुसु हसू चाललं होतं. दुसऱ्या चादरीखालचा मुलगा नाकात बोट घालून छताकडे बघत होता. हिला बघताच तो मेला. तिसरी चादर मात्र अगदी स्वस्थ होती. खालून हिरवे मोजे दिसत होते. झडतीबाईनं चादर दूर केली. मुलगी निपचित पडली होती, तोंड जरासं उघडं, पापणीसुद्धा लवत नव्हती. काय काम करतेय पोरगी, तिला वाटलं. मग तिनं कपाळाला हात लावला. कपाळ ओलं होतं. वरच्या ओठावर थेंब साचले होते. मानेखाली सदऱ्याची कॉलर भिजली होती.

तिला रंगवालीचा राग आला. श्वास थांबलेल्या मुलीला घाम? एवढं साधं कळू नये? की हीसुद्धा निरीक्षकाला सामील? घाम बघून मी फीत बदलते का, हे बघायचंय यांना?

रंगवाली शेडच्या दाराशी बसून कुंचले पुसत होती.

"काय हो," झडतीबाईनं तिला गाठलं, "कुणाच्या सांगण्यावरून केलंत हे?"

"काय केलं?"

"त्या हिरव्या मोज्यांच्या मुलीला घाम लावलात तो. मेलेल्या माणसाला घाम येतो का?"

रंगवालीनं मान वर केली. "तिला मी घाम नाही लावला, सिस्टर. तिला नुसती राखाडी पूड लावली. फवारा फक्त धक्का बसलेल्यांना."

"आठवा नीट."

"अहो, माझी बाटली केव्हाच संपली! ती बघा, रिकामी."

झडतीबाईनं बाटली पाहिली. उगाच उलटी करून पाहिली. मुलगी म्हणाली होती, कसंतरी होतंय. आणि आपण म्हणालो होतो, बोलायचं नाही.

ती धावली. त्या वयात, त्या अंगानं, कधी धावली नव्हती तशी धावली. मुलीच्या गालावर चापट्या मारल्या, खांद्याला चिमटा काढला, छातीच्या हाडावर मूठ रगडली. मुलगी नुसती कण्हली. अंग थंडगार. नाडी भरभर चालली होती. शेजारचा मेलेला मुलगा उठून बसला आणि म्हणाला, "हिला ना रोज सुई टोचतात. तिनं मला सांगितलंय. कुणाला सांगायचं नाही असं."

साखरेचा आजार. सकाळी सुई घेतलेली, आणि डबा बंद.

"वा!" पाठीमागून निरीक्षक म्हणाला. "काळ्या फितीची पुन्हा तपासणी. हे कुणी करत नाही. गेल्या वर्षीपेक्षा फारच..."

"हे खरं आहे," झडतीबाई म्हणाली. "मुलगी खरंच बेशुद्ध आहे."

तो कौतुकानं हसला. "मुलांनी काम सुंदर केलंय यात वाद नाही."

त्याच्याशी बोलत बसण्यात अर्थ नव्हता. तिनं औषधांची पेटी ओढली. सलाइनच्या बाटल्या रिकाम्या. इंजेक्शनांना सुया नाहीत. कुप्यांत नळाचं पाणी. खोट्या अपघातासाठी सगळं काटेकोर खोटं आणलं होतं, आणि ती यादी तिनंच मंजूर केली होती. तिनं मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि आवार ओलांडून खऱ्या कॅज्युअल्टीकडे निघाली. मागून निरीक्षक ओरडत होता, काळी फीत हलवायची नसते, गुण जातील. कसले गुण नि कसलं काय!

कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर चहा पीत उभा होता. दारातून झडतीबाई आली, तिच्या खांद्यावर राख फासलेलं पोर, मनगटाला काळी फीत. तो हसायलाच लागला.

"सिस्टर, इकडे पण नाटक? मला मेट्रननी आधीच सांगितलंय, ड्रिलचा पेशंट आत घ्यायचा नाही."

"डॉक्टर, हे ड्रिलचं नाही. साखर उतरलीय तिची."

"हां, म्हणजे आता माझी परीक्षा," तो म्हणाला, आणि त्यानं तिच्यामागे दाराकडे पाहिलं. "कुठंय तो निरीक्षक? लपलाय ना? तुम्ही पण सामील का, सिस्टर? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हं."

झडतीबाईनं त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. ही नजर तिच्या ओळखीची होती. हे डोळे बारीक करणं, हे पाठीमागे बघणं, आपल्याला कुणी फसवू शकत नाही याचं हे समाधान. आयुष्यभर ती दुसऱ्यांकडे अशीच बघत आली होती. या नजरेपुढे उभं राहून आपलं खरं आहे हे पटवायचं कसं, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

तिनं मुलीला टेबलावर ठेवलं, स्पिरिटचा बोळा घेतला आणि मुलीचा गाल खसाखसा पुसला. राखाडी रंग निघाला. खालचा गालही तसाच होता.

"एक थेंब रक्त बघा," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "खोटं निघालं तर उद्यापासून मी दारात दिसणार नाही. पण एक थेंब बघा हो!"

तिला अशा आवाजात बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं मुलीच्या बोटाला सुई टोचली, थेंब यंत्राला लावला. आकडा आला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. चहाचा कप कुठं ठेवला गेला ते त्यालाही कळलं नसेल. शीर शोधायला दोघं एकदमच वाकली. शीर सापडली ती झडतीबाईला, आणि साखरेचं पाणी आत जायला लागलं.

मग वाट बघणं आलं. त्या वेळात तिनं सवयीनं दोषी शोधायला घेतला. शाळेला हे माहीत कसं नाही? आईनं लपवलं असणार. रंगवालीनं डबे बंद ठेवले. निरीक्षकाची गाडी उशिरा आली. एकेकाचं नाव तिनं मनात पुढे ओढलं, उलटतपासणी केली, आणि दर वेळी ती त्याच सतरंजीपाशी येऊन पोचली. कसंतरी होतंय हे त्या मुलीनं सगळ्या जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. झडतीबाईला लाज वाटली, भीती वाटली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला आपल्या हातांचा संशय आला.

मुलीच्या पापण्या हलल्या. मग बोटं हलली. मग तिनं तोंड वाकडं करून सुईच्या हाताकडे पाहिलं. डॉक्टरनं मोठ्यानं श्वास सोडला. झडतीबाई मुलीच्या नजरेस पडायच्या आत मागच्या मागे बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

आई धावतपळत आली तेव्हा ती तिथंच होती. आईच्या गळ्यात अजून दुकानातलं ओळखपत्र लोंबत होतं. तिनं झडतीबाईकडे पाहिलं, तिचा गणवेश पाहिला, आणि कुणी काही विचारायच्या आतच ती बोलायला लागली.

"मी शाळेला सांगितलं नव्हतं. मान्य आहे. मागच्या वेळी सांगितलं तर सहलीला नेलं नाही तिला. जबाबदारी नको म्हणाले. हे नाटक तिला करायचंच होतं, सिस्टर. रोज घरी मरायचा सराव करत होती. डब्यात मी सगळं दिलं होतं. पण इतकी माणसं होती तिथं, डॉक्टर, नर्स, आणि एकाच्याही लक्षात कसं आलं नाही?"

एरवी झडतीबाईनं या बाईला फाडून खाल्लं असतं. लपवलंत कशाला, कुणाला विचारून लपवलंत, आणखी काय लपवलंय. आज ते सगळं तिच्या जिभेवर आलं आणि तिथंच विरलं.

"लक्षात यायचा प्रश्नच नव्हता," ती म्हणाली. "तुमच्या मुलीनं सांगितलं होतं. मला. कसंतरी होतंय म्हणाली."

"मग?"

"मी तिला गप्प केलं. मला वाटलं, सोंग आहे."

आई एक पाऊल पुढे आली. ती ओरडेल, हात उगारेल, असं झडतीबाईला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मला काय सांगताय?" आई म्हणाली. "तिला सांगा."

दोघी आत गेल्या. पडद्याआड मुलगी उशीला टेकून बसली होती. गालांवर रंगाचे ओघळ, हातात बिस्किट, तोंडात बिस्किट. डॉक्टर तिला काहीतरी सांगत होता आणि ती खिदळत होती. पडदा सरकला. तिनं आधी आईला पाहिलं. मग आईच्या मागची झडतीबाई तिला दिसली.

मुलगी झटकन आडवी झाली. डोळे मिटले, हात अंगालगत घेतले. तोंडातलं चावणंही थांबलं. एक गाल बिस्किटानं फुगलेला तसाच ठेवून ती निपचित पडून राहिली.

झडतीबाईला भडभडून आलं. तिनं ते कुणापासून लपवलं नाही.

"अगं, उघड डोळे," ती म्हणाली. "बोल. बोललीस तरी चालेल."

मुलगी हलली नाही.

"मघाशी तू मला सांगितलंस ते खरं होतं. मीच ऐकलं नाही. माझं चुकलं, बाळा. आता कसं वाटतंय ते सांग मला."

थोड्या वेळानं एक डोळा किलकिला झाला. त्या डोळ्यानं आधी झडतीबाईच्या पाठीमागे पाहिलं, वही घेऊन कुणी उभं आहे का ते. मग तिच्या हातांकडे पाहिलं, त्यात फीत आहे का ते. मग तिच्या तोंडाकडे.

"हे खरं विचारताय," भरल्या तोंडानं मुलगी म्हणाली, "की अजून ड्रिल चालू आहे?"

"खरं विचारतेय."

मुलीनं तिच्याकडे बराच वेळ बारकाईनं पाहिलं. तिला ते पटलं नाही. डोळा पुन्हा मिटला. झडतीबाईनं स्टूल ओढलं आणि ती पलंगाशेजारी बसून राहिली.